बेडकाचं आडनाव बदललं

जुनी इंदूर हे माझ्या मावशीचं सासर. कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांच्या बेचक्यातली ही वस्ती होळकरांच्या राजवाड्याहूनही जुनी. इंद्रेश्वराच्या देवळावरून गावाला इंदूर नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. आपण इंदूर म्हणतो, तिथल्या पाट्यांवर इंदौर असतं. नदीचंही तसंच. जुनी माणसं तिला खान नदी म्हणतात, अलीकडे सरकारी कागदावर ती कान्ह झाली. आपल्या सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. एका गावाची दोन नावं आणि एका वस्तूचे दोन शब्द आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो आहोत.

मावशीच्या घरी उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. आमच्या घरी उंबऱ्याच्या आतच दोन भाषा नांदतात, कारण आमची सौ. धारवाडची. मुलगी माझ्याशी मराठीत वाद घालते आणि आईकडे कन्नडमध्ये हट्ट करते.

गेल्या जुलैत आम्ही तिघं मावशीकडे गेलो होतो. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी मागच्या अंगणात, मोरीच्या तोंडाशी, तळहाताएवढा बेडूक बसलेला. शेवाळी हिरवा रंग, अंगावर काळे डाग आणि पाठीवरून नाकापासून खालपर्यंत गेलेली पिवळी रेघ.

"अय्यो, केवढी मोठी कप्पे!" मुलगी ओरडली.

"मेंढक है, दीदी," शेजारचा मुलगा भिंतीवरून म्हणाला.

"बेडूक गं तो. पावसाळ्यात येतोच. काही करत नाही," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, "राना टिग्रिना."

काकांचा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेला. तेव्हा चार भाषांतली चार नावं झाली आणि शेवटचं शास्त्राचं, म्हणजे विषय संपायला हवा होता. पण आमची कन्या आंबोलीला एका निसर्ग शिबिराला जाऊन आलेली. ती म्हणाली, "आजोबा, ते नाव जुनं झालं. आता होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस म्हणतात."

काकांनी पेपर खाली ठेवला. "अगं, इतकी वर्षं मी मुलांकडून राना टिग्रिना घोकून घेतलं. ते काय खोटं होतं? आणि नाव बदललं म्हणून बेडूक बदलला का?"

काकांचा प्रश्न मला रास्त वाटला. मी भाषेचा माणूस, बेडकांचा नव्हे. पण नावांचा प्रश्न म्हटला की आमचे कान टवकारतात. घरी परतल्यावर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठलं, ग्रंथालयात बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्राण्यांना शास्त्रीय नाव देण्याची आजची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसची. त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली आणि प्राण्यांच्या नावांची वही तिथून सुरू झाली असं जगाने मानलं. प्रत्येक प्राण्याचं नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा, म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. इंग्रजीप्रमाणे नाव आधी नव्हे, तर शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी. लॅटिनमध्ये राना म्हणजे बेडूक. त्या काळी युरोपातल्या पंडितांना दिसेल तो बेडूक ते राना या घरात टाकत.

आपल्या अंगणातल्या या बेडकाचं बारसं केलं फ्रान्सच्या फ्रांस्वा मारी दोदँ या तरुणाने. बेडूक आणि भेकांवरच्या त्याच्या पुस्तकावर १८०२ हे साल आहे. बंगालातून आलेल्या एका नमुन्यावरून त्याने 'राना टायगरिना' हे नाव दिलं. टायगरिना म्हणजे वाघासारखा. दोदँ हिंदुस्थानात कधी आला नाही. लहानपणच्या आजाराने त्याचे पाय गेले होते. त्याच्या पुस्तकांतली चित्रं त्याची बायको आदेल काढून देई. क्षयाने ती गेली आणि तिच्यामागोमाग, १८०३ साली, तोही गेला. वय जेमतेम सत्तावीस. चालता न येणाऱ्या माणसाने उड्या मारणाऱ्या जिवाला दिलेलं नाव दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलं आहे.

टिकलं, पण रस्त्यात त्याला धक्के बसले. पुढच्या पंडितांना वाटलं की टायगरिना हे लॅटिन अशुद्ध आहे, टिग्रिना पाहिजे. त्यांनी परस्पर दुरुस्त केलं. ती दुरुस्ती ग्रंथांत गेली, ग्रंथांतून क्रमिक पुस्तकांत आली आणि तिथून काकांच्या फळ्यावर पोचली. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या पिढ्यान्‌पिढ्या राना टिग्रिना म्हणतच मोठ्या झाल्या. शास्त्राचा नियम मात्र वेगळा आहे. नाव देणाऱ्याने पहिल्यांदा जसं छापलं तसंच ते राहायचं, कानाला खटकलं तरी. शाळेच्या दाखल्यावर 'सुरेष' असं पडलं तर जन्मभर सुरेष, तसलाच हा प्रकार.

आता आडनावाची गोष्ट. राना हे घर फुगत गेलं. युरोपातला बेडूक, आसामातला, आफ्रिकेतला, सगळे एका छताखाली. हाडं, दात, डिंभांची तोंडं नीट तपासल्यावर अभ्यासकांच्या लक्षात आलं की यांतले बरेच जण एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये होप्लोबॅट्रॅकस ही प्रजाती मांडून ठेवली होती. ग्रीकमध्ये होप्लोन म्हणजे शस्त्र आणि बॅट्रॅकोस म्हणजे बेडूक. १९९२ मध्ये अ‍ॅलँ द्युब्वा या फ्रेंच अभ्यासकाने ते जुनं घर पुन्हा उघडलं आणि आपल्या बेडकाला तिथे नेलं. पुढे डीएनएच्या तपासण्यांनी तेच दाखवलं. युरोपातला राना आणि आपला हा धिप्पाड बेडूक यांचं कुलसुद्धा एक नाही.

म्हणजे बेडकाचं सासर बदललं म्हणा ना! आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं. पुष्कळ घरांत तर ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही पुसून टाकतात. शास्त्र याबाबतीत जरा बरं. तिथे आडनाव बदललं तरी माहेरचं नाव कोणाला पुसता येत नाही. फक्त शेवट बदलतो, कारण राना हा शब्द स्त्रीलिंगी आणि होप्लोबॅट्रॅकस पुल्लिंगी. चांगली मुलगी, चांगला मुलगा, तसं टायगरिनाचं टायगरिनस झालं. आणखी एक रीत मला फार आवडली. पूर्ण नाव लिहिताना शेवटी दोदँचं नाव आणि साल लिहितात, पण ते कंसात. तो कंस वाचणाऱ्याला सांगतो की या माणसाने हे नाव दिलं तेव्हा घर दुसरं होतं.

तेव्हा काका, तुम्ही शिकवलंत ते खोटं नव्हतं. बेडूक तोच आहे. त्याच्या नात्यांविषयीची आपली माहिती वाढली.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, एवढा खटाटोप कशाला? बेडकाला बेडूक म्हणावं, कन्नडमध्ये कप्पे म्हणावं. पाऊस लांबला की आपल्याकडे दोन्ही भाषांत त्याची आठवण होतेच. महाराष्ट्रात पोरं धोंडी मागतात, उत्तर कर्नाटकात गुर्जी डोक्यावर घेऊन दारोदार फिरतात आणि कप्पे मदुवे म्हणजे बेडकांचं लग्न लावतात. २०१९ च्या जूनमध्ये उडुपीला असं लग्न वाजतगाजत लागलं. त्याच वर्षी भोपाळला जुलैत बेडकांचं लग्न लावलं आणि पाऊस इतका कोसळला की सप्टेंबरात त्यांचा घटस्फोट करावा लागला! पावसाचा निरोप्या एवढीच ओळख असेल तर एक नाव पुरतं.

पण याच बेडकाच्या तंगड्यांचा एकेकाळी मोठा व्यापार होता. हजारो टन माल भारतातून युरोप-अमेरिकेत जात होता. दोदँच्या फ्रान्समध्येही तो ताटात पडत होता. शेतातले बेडूक पोत्यांनी उचलले जाऊ लागले तेव्हा किडींचं काय होणार, याची ओरड सुरू झाली. १९८५ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत हा बेडूक आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. निर्यात थांबली, खाणं थांबलं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात पहिल्या पावसात पिवळे झालेले नर डबक्याकाठी ओरडू लागतात आणि बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात. हॉटेलांत त्याला 'जंपिंग चिकन' असं गोंडस नाव आहे. कोंबडीचं नाव घेतलं की खाणाऱ्याचं मन शांत राहत असावं. वनखातं दर पावसाळ्यात इशारे देतं.

आता कायद्याकडे पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात गोड्या पाण्यातल्या बेडकांची नोंद होती, ती 'राना' या प्रजातीच्या नावाने. शास्त्राने बेडकाला दुसऱ्या घरी नेलं, कायदा मात्र जुन्या घराचं दार वाजवत राहिला. एखाद्या हुशार वकिलाने उभं राहून म्हटलं असतं की साहेब, माझ्या अशिलाच्या पोत्यात राना नव्हताच, होप्लोबॅट्रॅकस होता, तर? त्याच परिशिष्टात पिल्लांना जन्म देणाऱ्या एका भेकाच्या प्रजातीचंही नाव होतं आणि ती प्रजाती आहे आफ्रिकेतली! २०२२ च्या दुरुस्तीने ही जुनी परिशिष्टं बदलली. नाव ही पंडितांची चैन नव्हे, हे मला या ठिकाणी पटलं. रेशनकार्डावर नाव चुकलं तर धान्य मिळत नाही, तसं यादीत नाव चुकलं तर संरक्षण कोणाला हेच कळत नाही.

नावाला नमुना बांधलेला असावा लागतो, हा दुसरा नियम. नवी जाती मांडताना ज्या प्राण्यावरून वर्णन केलं तो संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे शंका आली तर बाटलीतला तो बेडूक साक्ष देतो. साक्षीदार हरवला की काय होतं, याचं उदाहरण कर्नाटकातलंच आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात सी. आर. नारायण राव नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे ते पहिले संपादक. १९३७ मध्ये त्यांनी पश्चिम घाटातल्या कितीतरी नव्या बेडकांची वर्णनं छापली. पण त्यांच्या संग्रहातले नमुने पुढे गहाळ झाले. छापील नाव होतं, वर्णन होतं, पण नेमका कोणता बेडूक हे सांगणारं कोणी नव्हतं. नंतरच्या अभ्यासकांना त्यांच्या जुन्या जागी जाऊन शोध घ्यावा लागला. तरी कृतज्ञता अशी की २०१० मध्ये झुडुपांवर राहणाऱ्या चिमुकल्या बेडकांच्या एका प्रजातीला 'राओर्केस्टेस' नाव दिलं गेलं. त्यातला 'राव' म्हणजे हे नारायण राव. महाविद्यालयात तास घेणाऱ्या एका मास्तराचं नाव झाडाझाडांवर टिकटिक करतं आहे, हे वाचून मला, खोटं कशाला सांगू, जरा हेवा वाटला.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. बेळगावहून सावंतवाडीकडे जाताना घाटमाथ्यावर आंबोली लागते. आपण धबधब्याखाली भिजायला आणि कणसं खायला जातो. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक छोटा भेक राहतो. पहिल्या सरी पडल्या की सड्यावरच्या उथळ डबक्यांत थोडे दिवस त्यांची एकच झुंबड उडते, अंडी घातली जातात आणि नंतर ते दिसेनासे होतात. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्याला 'झँथोफ्राइन टायगरिना' हे नाव दिलं. हाही टायगरिना, कारण याच्या कुशीवर वाघासारखे पट्टे. पण हा त्या अंगणातल्या बेडकाचा कोणी लागत नाही. आपल्याकडे दोन वेगळ्या घरांत दोन सुनीता असतात, तसं. त्याचा एकुलता एक भाऊबंद कोयनेच्या परिसरातला. तो सोमण यांनी १९६३ मध्येच नोंदवला होता.

आंबोलीचा हा भेक आज अतिसंकटग्रस्त म्हणून गणला जातो. सगळं जग धुंडाळलं तरी त्याचं घर या डोंगरापलीकडे फारसं नाही. २००९ च्या आधीही तो तिथे होताच. आपण त्याच्यावरून गाड्या नेत होतो, पण तो 'एक बेडूक' होता. 'एक बेडूक' मेल्याची नोंद कोण घेणार? नाव मिळालं तेव्हा तो मोजता येऊ लागला, त्याच्यासाठी भांडता येऊ लागलं. नावाने तो वाचलाच असं नाही. पावसाळी रात्री आंबोलीच्या रस्त्यावर चाकाखाली येणारे जीव आजही येतातच. पण कोण मरतंय ते आता ठाऊक आहे.

अलीकडची नावं आणखी जवळची वाटतात. २०१४ मध्ये आंबोलीच्याच एका बेडकाला आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी 'इंदिराना चिरावासी' म्हटलं. दगडांच्या फटींत राहणारा तो चिरावासी. त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. त्याच वर्षी के. व्ही. गुरुराजा आणि मंडळींनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या एका बेडकाचं नाव ठेवलं 'निक्टिबॅट्रॅकस कुंबारा'. कन्नडमध्ये कुंबार, मराठीत कुंभार. मादीने डहाळीवर अंडी घातली की नर मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढच्या पायांनी ओल्या मातीचा लेप अंड्यांवर चढवतो. हे पाहणाऱ्याला कुंभाराखेरीज दुसरं काय आठवणार? एक नाव आणि दोन्ही भाषांना एकदम कळणारं! दोदँच्या लॅटिन घरात आपल्या घाटावरचा कुंभार मानाने बसला आहे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली. भारतात बेडकांच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि माझ्याकडे शब्द किती? बेडूक, भेक, आणि घरच्या कृपेने कप्पे. संपलं. एवढीच आपली भाषा गरीब असेल असं मला वाटत नाही. भाताच्या खाचरात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला मोठा पिवळा बेडूक, मातीत रुतून बसणारा बेडूक आणि भिंतीला चिकटणारा बेडूक एकच कसे वाटतील? गोव्या-कोकणाकडे 'बेबो' म्हणतात ते ऐकलं आहे. कन्नडमधलं 'वटगुट्टु' म्हणजे बेडकाचं ओरडणं, आणि आमची वटवट त्याची सख्खी बहीण वाटते. असे कितीतरी शब्द खानापूर, चंदगड, हल्याळ, जोयडा भागातल्या घराघरांत आजी-आजोबांच्या तोंडी असतील. शास्त्राकडे निदान वही आहे, साल आहे, कंस आहे. आपल्या या शब्दांना ना वही ना साक्षीदार. म्हणणारा गेला की शब्द गेला.

म्हणून या आठवड्यात वाचकांना एक काम देतो. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, तुम्ही लहानपणी कोणकोणत्या बेडकांना काय काय म्हणायचात? मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत. बेडूक कसा दिसतो, कुठे बसतो, कसा ओरडतो तेही लिहा, नाहीतर नारायण रावांच्या नमुन्यांसारखी गत होईल. सांगणाऱ्याचं गाव लिहायला विसरू नका. पत्र साप्ताहिकाच्या पत्त्यावर टाका. दोन भाषांतले शब्द एकाच पत्रात आले तर उत्तमच. पावसाळा संपेपर्यंत जेवढे जमतील तेवढे याच जागी छापू, ज्याचा शब्द त्याच्या गावाच्या नावासह.